ओळ.कॉम टाकली की मशीन हँग होतं? आधी हे तपासा

ओळ.कॉम ही छोटी युटिलिटी ज्यांच्यापर्यंत पोचली आहे, त्यांच्याकडून एकच तक्रार फिरून फिरून येते: टाकली की मशीन हँग होतं. रबाळ्याच्या वर्कशॉपमधलं ४८६ पीसी असो, नौपाड्यातल्या एखाद्या ऑफिसच्या माळ्यावरचं ३८६ असो, की कळव्याच्या एका हौशी काकांनी जपून ठेवलेलं, त्याहून जुन्या पिढीचं एक्सटी, शब्द तेच. कारणं मात्र वेगवेगळी निघतात. आणि निम्म्या वेळा मशीन हँग झालेलंच नसतं, ते निवांत वाट बघत बसलेलं असतं. म्हणून फाइल पुन्हा पुन्हा कॉपी करण्याआधी, आणि मुख्य म्हणजे बटण बंद करण्याआधी, एवढं वाचा.

ज्यांनी ओळ वापरलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डॉस म्हणजे कमांडी टाइप करून चालवायची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या प्रॉम्प्टवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागी, चुकलेली कमांड दुरुस्त करायची म्हणजे पूर्वी एफ१ दाबत एकेक अक्षर पुढे सरकायचं, नाहीतर एफ३ने मागची अख्खी ओळ आणून शेवटाकडून खोडत यायचं. १९९१ साली एमएस-डॉस ५ बरोबर डॉसकी नावाची युटिलिटी आली आणि वरच्या ॲरोने मागच्या कमांडी मिळायला लागल्या. पण डॉस ३.३ वर चालणारी यंत्रं वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत अजूनही सापडतात. कंट्रोलरचं कार्ड आणि त्याचं सॉफ्टवेअर त्या मशीनशी बांधलेलं, काम चाललंय, मग हात कोण लावणार? तिथे ५ ची डॉसकी चालत नाही, डॉसचं व्हर्जन चुकीचं आहे म्हणून सरळ नकार देते. ओळ अशा मशीनसाठी लिहिली आहे. ॲरो, होम, एंड, इन्सर्ट, मागच्या कमांडी, एस्केपने ओळ साफ, बस्स. मॅक्रो वगैरे काही नाही. मेमरीत दोन किलोबाइटच्या आत बसते. टाइप करताना इंग्रजी ओ-एल, आणि 'ओळ /?' दिलं की व्हर्जन दिसतं. खाली जिथे नवी प्रत म्हटलंय तिथे १.४ समजा.

सगळ्यात आधी नम लॉक

मशीन अडलं असं वाटलं की नम लॉक दाबा. दिवा लागतोय, विझतोय? मग मशीन जिवंत आहे. कळ दाबली की कीबोर्डचा इंटरप्ट (प्रोसेसरला दिलेली हाक) येतो, बायोसचा, म्हणजे मशीनच्या चिपमधला मूळ कोड तो घेतो आणि दिवा बदलायला सांगतो. प्रोसेसर खरोखर भरकटला असेल तर एवढं काम त्याच्याकडून सहसा होत नाही.

एक्सटीवर ही खूण धरू नका. ८३ कळांच्या मूळ कीबोर्डला दिवेच नव्हते, आणि नंतरचा कीबोर्ड एक्सटी मोडमध्ये लावला तर दिवा तो स्वतःच बदलतो, मशीनला विचारत नाही. तिथे एखादं अक्षर दाबत राहा. बायोसच्या बफरमध्ये (आलेल्या कळा ठेवायची जागा) १५ कळा मावतात. सोळावीला बीप वाजला तर कळा पोचताहेत, फक्त उचलणारं कोणी नाही. अक्षरही नाही आणि बीपही नाही, तर मात्र खरंच हँग.

आता हे कशासाठी, ते एका फोनवरून कळेल. रबाळ्याच्या एका टूलरूममधून ऑपरेटरने केलेला.

"साहेब, नवीन ओळ टाकत होतो, मध्येच हँग झालं. बंद करून चालू करू का?"

"थांबा, बंद नका करू. स्क्रीनवर शेवटी काय दिसतंय?"

"काहीच नाही. डावीकडे एक आडवी रेघ आणि पुढे कर्सर."

"लुकलुकतोय?"

"हो, लुकलुकतोय की."

"मग क्यू दाबा आणि एंटर मारा."

"...आला! प्रॉम्प्ट आला. म्हणजे हँग नव्हतं?"

नव्हतं. ती आडवी रेघ म्हणजे डीबग या डॉससोबत येणाऱ्या प्रोग्रॅमचा प्रॉम्प्ट. डीबग कमांडची वाट बघत होतं, आणि ऑपरेटर डीबगची.

असं का होतं

ओळ मी .कॉम फाइल (डॉसवर थेट चालणारा प्रोग्रॅम) म्हणून क्वचितच पाठवतो. ईमेलवाले .कॉम जोडूच देत नाहीत, झिपमध्ये घातली तरी ओळखतात, आणि आजचे अँटिव्हायरस तर मेमरीत बसून डॉसचा इंटरप्ट धरणारी फाइल दिसली की आरडाओरडा करतात. (त्यांचंही बरोबर आहे, जुने व्हायरस नेमकं हेच करायचे.) म्हणून फाइल साध्या टेक्स्टमध्ये पाठवतो: हेक्सच्या, म्हणजे १६ च्या पायावरच्या, आकड्यांच्या ओळी, ज्या डीबगला दिल्या की डीबग त्यातून .कॉम बनवून डिस्कवर लिहितो. संगणकाची मासिकं पूर्वी छोट्या युटिलिटी अशाच छापायची आणि लोक रात्री बसून ते आकडे टाइप करायचे. आपल्याला टाइप करावं लागत नाही, 'डीबग' नंतर 'पेक्षा कमी'चं चिन्ह आणि त्या टेक्स्ट फाइलचं, म्हणजे स्क्रिप्टचं, नाव दिलं की डीबग कीबोर्डऐवजी त्या फाइलमधून कमांडी वाचतो.

गोम इथेच आहे. डॉसला अख्खी ओळ वाचून द्यायला सांगायचं असेल तर प्रोग्रॅम इंटरप्ट २१एचचं (डॉसकडे काम मागायची वाट, शेवटचा एच म्हणजे हेक्स) ०एएच हे फंक्शन बोलावतो. प्रॉम्प्ट दाखवणारा डॉसचा प्रोग्रॅम कमांड.कॉम तेच बोलावतो, डीबगही तेच. ओळ हे फंक्शन मधल्यामध्ये अडवते आणि कळा थेट बायोसकडून, म्हणजे इंटरप्ट १६एचमधून घेते. ॲरो वगैरे ओळखायला ते सोयीचं पडतं. पण इनपुट फाइलमधून वळवलेलं आहे हे बायोसला ठाऊक नसतं. ती डॉसची गोष्ट. त्यामुळे १.३ आणि त्याआधीची ओळ मेमरीत असताना डीबगला स्क्रिप्ट दिली, तर स्क्रिप्ट तशीच पडून राहते आणि ओळ कीबोर्डकडे बघत बसते.

म्हणजे जुनी प्रत मेमरीत असताना नवी टाकायला गेलात की अडणारच. आणि बिल फाडलं जातं नव्या प्रतीच्या नावावर, जी अजून तयारही झालेली नसते.

उपाय सोपा. क्यू आणि एंटरने डीबगमधून बाहेर या, 'ओळ /यू' देऊन जुनी प्रत मेमरीतून काढा, मग स्क्रिप्ट चालवा. ऑटोएक्झेक.बॅटमधून (मशीन चालू होताना आपोआप चालणारी फाइल) ती आपोआप चढत असेल आणि काही केल्या निघत नसेल, तर डॉस ६ किंवा पुढच्या मशीनवर 'स्टार्टिंग एमएस-डॉस' दिसताच एफ५ दाबा, कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या सुरुवातीच्या दोन्ही फाइली वगळल्या जातात. त्याआधीच्या डॉसला ती सोय नाही, तिथे साध्या बूट फ्लॉपीवरून मशीन चालू करा.

नव्या प्रतीत ओळ आधी डॉसला विचारते: इनपुट खरोखर कीबोर्डवरून येतंय का? ४४००एच हे फंक्शन, हँडल (डॉसने इनपुटला दिलेला क्रमांक) शून्य. उत्तरात सातवा बिट १ असेल तर ते डिव्हाइस आहे, शून्यावा बिटही १ असेल तर ते नेहमीचं इनपुट. दोहोंपैकी एकही शून्य असेल तर ओळ बाजूला होते आणि काम मूळ डॉसकडे सोपवते. एकदा १.४ बसली की पुढच्या प्रतींना हा त्रास होणार नाही.

क्यू दाबूनही काही उमटत नाही

नम लॉकचा दिवा बदलतोय, पण क्यू दाबलं तर अक्षर दिसत नाही. इथे ओळचा संबंध नाही, स्क्रिप्टच तुटकी पोचली आहे. डीबग फाइलच्या शेवटापर्यंत पोचला, त्याला बाहेर पडायची कमांड मिळाली नाही, आणि कीबोर्डकडे तो आता बघत नाही. कन्ट्रोल-आल्ट-डिलीट करा, दुसरा इलाज नाही.

कारण जवळजवळ नेहमी दोहोंपैकी एक असतं. शेवटच्या ओळीवर एकटा क्यू असतो, त्यानंतर एंटर असायला हवा. मोबाइलवर मजकूर सिलेक्ट करताना तो शेवटचा एंटर हमखास सुटतो. दुसरं कारण ओळींच्या शेवटांचं. डॉसच्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीच्या शेवटी दोन कोड असतात, १३ आणि १०. मोबाइलवर किंवा लिनक्सवर सेव्ह केलेल्या फाइलमध्ये नुसता १०. डॉस १३ शोधतो, तो सापडतच नाही, आणि सगळी स्क्रिप्ट त्याला एकच लांबलचक ओळ वाटते. डॉसच्या मशीनवर 'टाइप' करून बघा. ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत उतरताना दिसल्या तर हेच झालंय. फ्लॉपीवर घालण्याआधी विंडोजच्या मशीनवर नोटपॅडमध्ये नवी फाइल उघडून त्यात मजकूर पेस्ट करा आणि सेव्ह करा, की दोन्ही कोड येतात. व्हॉट्सॲपवर मेसेज म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण मेसेज म्हणूनच पुढे ढकलतो.

फाइल तयार झाल्यावर 'डिर' करून आकार जुळवा. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत तो दिलेला आहे. हाताने आकडे घालणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आरसीएक्सपुढे (डीबगला आकार सांगायची कमांड) आकार हेक्समध्ये द्यायचा असतो आणि डिर तो दशमानात दाखवतं. आकार कमी भरला असेल तर फाइल चालवूच नका. अर्धवट .कॉम फाइल सुरू होते, आणि मग खरंच हँग होते.

ओळ चढली म्हणते, पण ॲरो डॉसकीसारखेच वागतात

ही तक्रार डॉस ५ आणि ६ वाल्यांची. 'मेम /सी' मध्ये, म्हणजे मेमरीत काय काय आहे त्या यादीत, ओळ दिसते, कळा मात्र ओळच्या चालत नाहीत. एफ७ दाबून बघा. मागच्या कमांडींची क्रमांकासह यादी आली तर डॉसकी चढलेली आहे आणि तिने रांगेत पुढचा नंबर लावलाय.

डॉस ५ पासून कमांड.कॉम ओळ वाचायला थेट ०एएचकडे जात नाही. आधी इंटरप्ट २एफएचवर ४८१०एच हा कॉल करून विचारतो, डॉसकी आहे का? आहे असं उत्तर आलं की ओळ वाचायचं काम तिचं. नाही आलं तरच ०एएच. त्यामुळे डॉसकी असताना प्रॉम्प्टवर ओळला विचारलंच जात नाही. डीबगमध्ये मात्र ओळ चालते, कारण डीबग सरळ ०एएच बोलावतो. एकाच मशीनवर इथे चालते आणि तिथे नाही, याचं कोडं अनेकांना पडलेलं असतं, त्याचं उत्तर एवढंच.

दोन्ही ठेवायची गरज नाही. ऑटोएक्झेक.बॅटमधली डॉसकीची ओळ काढा. खरं सांगायचं तर डॉस ५ च्या पुढे असाल, मेमरीची चणचण नसेल आणि मॅक्रो वापरत असाल, तर डॉसकीच ठेवा. ती जास्त जागा खाते, पण कामाची आहे.

भलतीच अक्षरं उमटतात

वरचा ॲरो दाबला आणि ८ उमटला: नम लॉक चालू आहे, एवढंच. काही बायोस मशीन चालू होतानाच तो लावून ठेवतात. डॉस ६ असेल तर कॉन्फिग.सिसमध्ये 'नमलॉक=ऑफ' लिहा.

वरच्या ॲरोला ग्रीक अल्फा उमटला: तुमच्याकडे खूपच जुनी प्रत आहे. १०१ कळांच्या कीबोर्डवर वेगळे काढलेले ॲरो नव्या बायोस कॉलमध्ये शून्याऐवजी ई०एच हा कोड आधी देतात, आणि ४३७ च्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या तक्त्यात) ई०एच म्हणजे अल्फा. नमपॅडवरचे ॲरो मात्र त्याच मशीनवर नीट चालतात. १.४ घ्या.

कळ न दाबताच स्क्रीनभर काहीबाही उमटत सुटलं: जुन्या बायोसला तो नवा कॉल ठाऊकच नाही, तो कळेची वाट न बघता लगेच परततो. १.४ आधी बायोसच्या डेटामध्ये ००४०:००९६ इथला चौथा बिट बघून १०१ कळांचा कीबोर्ड आहे का ते ठरवते. तरीही असं झालं तर 'ओळ /के' देऊन चढवा, मग ती फक्त जुनाच कॉल वापरते.

एक्सटीवर खरंच हँग होतं

कळव्याच्या काकांच्या मशीनची गोष्ट वेगळी होती. दिवा नाही, बीप नाही, कर्सरही गोठलेला. नेमकी तीच फाइल शेजारच्या दुसऱ्या एक्सटीवर मात्र व्यवस्थित चालत होती. दोन्ही मशीन उघडल्यावर उलगडा झाला. एकात इंटेलचा ८०८८ होता, दुसऱ्यात एनईसीचा व्ही२०.

ही प्रत मूळ नव्हती. सोर्स सोबत असतो, त्यात बऱ्याच जणांनी आपापली भर घातली आहे, आणि तसंच व्हावं म्हणून तो देतो. पण नॅझमला (असेंब्लीतल्या सोर्समधून .कॉम बनवणारा प्रोग्रॅम) काही सांगितलं नाही तर तो कुठल्याही प्रोसेसरची इन्स्ट्रक्शन निमूट स्वीकारतो. भर घालणाऱ्याने एका ठिकाणी 'एसएचएल एएक्स, ४' लिहिलं होतं, म्हणजे प्रोसेसरमधल्या एएक्स या कप्प्यातला आकडा चार बिट डावीकडे सरकवा. एका झटक्यात चार बिट सरकवण्याची ही सोय ८०१८६ पासूनची आहे. व्ही२०ला ती समजते. ८०८८ला नाही. आणि ८०८८ 'ही इन्स्ट्रक्शन मला माहीत नाही' असं म्हणून थांबतही नाही, कारण तशी सोयच त्याच्यात नव्हती. त्या इन्स्ट्रक्शनची पहिली बाइट सी१ आहे, आणि ८०८८ सी१ला 'रेट' समजतो, म्हणजे जिथून आलात तिथे परत जा. स्टॅकवर (परतीचे पत्ते ठेवायची जागा) त्या क्षणी जे काही पडलेलं असेल त्याला पत्ता मानून तो उडी मारतो, आणि पुढे रामभरोसे. 'पुशा' या इन्स्ट्रक्शनचंही तसंच, तिची ६०एच ही बाइट ८०८८वर एक सशर्त उडी होऊन बसते. हा प्रकार जास्त वाईट, कारण बहुतेक वेळा ती उडी लागत नाही, प्रोग्रॅम पुढे जातो आणि भलत्याच ठिकाणी कोसळतो. तिथे कितीही शोधा, काही सापडत नाही.

सोर्सच्या अगदी वर 'सीपीयू ८०८६' ही एक ओळ आहे. ती काढू नका. ती असेल तर नॅझम अशी इन्स्ट्रक्शन दिसताच चूक दाखवून थांबतो. चार बिट सरकवायचे तर एक-एक बिट चार वेळा सरकवा, किंवा चार हा आकडा सीएल या कप्प्यात ठेवून सरकवा. फार तर पाच बाइट वाढतील, वाढू द्या.

ज्यांना असेंब्लीशी घेणंदेणं नाही त्यांनी एवढंच करावं: 'ओळ /?' मध्ये व्हर्जनच्या आकड्यापुढे आणखी काही अक्षरं दिसली तर ती कोणीतरी बदललेली प्रत आहे. एक्सटीवर मूळ प्रतच घाला.

'प्रोग्रॅम टू बिग टु फिट इन मेमरी'

ओळ चढवेपर्यंत कटिंगचं सॉफ्टवेअर चालत होतं, आता हा संदेश येतो. दोन किलोबाइटने एवढा फरक पडतो का? सहसा नाही. ओळ कुठून चढवली ते आठवा. नॉर्टन कमांडर या फाइली हाताळायच्या प्रोग्रॅममधून किंवा दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममधून 'डॉसमध्ये जा' करून चढवली असेल, तर ती त्या प्रोग्रॅमच्या वरच्या जागेत जाऊन बसते. तो प्रोग्रॅम बंद झाला की त्याची जागा मोकळी होते, पण वर ओळ ठाण मांडून असते. मेमरीचे दोन तुकडे पडतात आणि मोठ्या सॉफ्टवेअरला सलग जागा मिळत नाही. डॉस ३.३ वर मेम ही कमांड नाही, तिथे 'चेकडिस्क'च्या शेवटच्या दोन ओळी बघा, मोकळी मेमरी तिथे कळते.

ओळ नेहमी ऑटोएक्झेक.बॅटमधून चढवा. माउस वगैरेंच्या नंतर, पण नॉर्टन कमांडर सुरू करणाऱ्या ओळीच्या आधी. त्या ओळीच्या खाली लिहिलंत तर कमांडर बंद होईपर्यंत तिचा नंबरच लागत नाही.

याच क्रमाचा दुसरा भाग काढतानाचा. 'ओळ /यू' ला 'आता काढता येत नाही' असं उत्तर आलं तर बिघाड समजू नका. ओळनंतर आणखी कोणीतरी तोच इंटरप्ट धरलेला आहे. ओळ मध्येच उठून गेली तर तो मागे ज्या पत्त्यावर काम सोपवतो तिथे काहीच उरणार नाही. शेवटी चढलेला आधी उतरवा, मग ओळ.

बिघाड नसलेल्या गोष्टी

नॉर्टन कमांडरच्या खालच्या ओळीवर ओळ चालत नाही. ती ओळ कमांडरची स्वतःची असते, तो ०एएच बोलावतच नाही. डॉसबॉक्समध्ये (आजच्या मशीनवर डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम) आधी करून बघणाऱ्यांनाही काही दिसणार नाही, तिथला प्रॉम्प्ट डॉसबॉक्सच्या आतला आहे. फ्रीडॉसच्या (एमएस-डॉसला मोफत पर्याय) कमांड.कॉममध्ये मागच्या कमांडी आणण्याची सोय आधीपासून आहे, तिथे ओळ हवी कशाला? चाचणी करायचीच तर अख्ख्या जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या ८६बॉक्समध्ये खरा एमएस-डॉस घालून करा. ६४ बिटच्या विंडोजवर तर १६ बिटचं काहीच चालत नाही.

एखाद्या प्रोग्रॅममध्ये मागच्या काही कमांडी येतात आणि काही गाळल्या जातात, हेही मुद्दाम केलेलं आहे. ०एएच बोलावणारा प्रोग्रॅम पहिल्या बाइटमध्ये सांगतो की त्याच्याकडे जागा किती. शेवटचा एंटरही त्या जागेतच बसवायचा असतो. प्रॉम्प्टवर ती १२८ बाइट असते, इतरत्र कितीही कमी असू शकते. २० बाइटच्या जागेत ६० अक्षरांची जुनी कमांड ओतली तर ती शेजारच्या मेमरीवर सांडेल. म्हणून जी मावत नाही ती ओळ दाखवतच नाही.

राहता राहिली फ्लॉपी. एक्सटीसाठी ३६०केची डिस्क १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये लिहून नेऊ नका. त्या ड्राइव्हचं हेड अरुंद असतं, आधी वापरलेल्या डिस्कवर ते जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध बारीक पट्टा लिहितं. एक्सटीचं रुंद हेड दोन्ही एकदम वाचतं आणि रीड एरर देतं. डिस्क एक्सटीवरच फॉरमॅट केली असली तरी हे होतं. एक्सटीला सीरियल पोर्ट असेल तर स्क्रिप्ट केबलनेच पाठवा. तेही नसेल तर छापून घेऊन बसा, आणि दर दहा ओळींनी कोणाला तरी वाचून दाखवायला सांगा. आकड्यांत ८ आणि बी सगळ्यात जास्त चुकतात.